यात मध कुठे आहे?

ताईचा प्रश्न दुपारपासून मनातून जात नाही. मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, नळीने तळाच्या गाळावरून नव्या बरणीत काढताना पेल्यात थोडे उरले, ते मी तिला दिले. तिने एक घोट घेतला, "यात मध कुठे आहे?" एवढेच विचारले आणि पेला खाली ठेवला. तिच्या बोलण्यात टीका नव्हती, तरीही ते लागले. कारण मी चाखले तेव्हा मलाही आधी मद्यार्काचा झणका, मग आंबटपणा आणि अगदी शेवटी पोळ्याच्या मेणाचा पुसटसा वास, एवढेच जाणवले होते.

चार लिटरच्या मिश्रणात 1.3 किलो मध गेला आहे. सुगंध उडू नये म्हणून तो तापवलाही नव्हता. घनतेवरून साखरेचा अंदाज देणारा हायड्रोमीटर सुरुवातीला 1.100 दाखवत होता, आज 0.998 दाखवतो; म्हणजे साखर जवळपास सगळी संपली आणि मद्यार्क तेरा टक्क्यांच्या आसपास पोहोचला. किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, उत्तम झाले, यात शंका नाही. मधात नायट्रोजन फार कमी असतो आणि साखर खाऊन मद्यार्क करणारे यीस्ट उपाशी राहिले की सडक्या अंड्यासारखा वास सोडते, म्हणून पहिल्या दिवसांत मी यीस्टचे पोषक द्रव्य थोडेथोडे करून घातले, ढवळून वायू बाहेर काढला, रात्री उठून तापमान पाहिले. आता वाटते, ही सगळी सेवा मध खाणाऱ्या यीस्टची झाली; मधाची कोणी केलीच नाही.

सर्वांत जास्त सलते ते वेगळेच. साखरेचे वजन मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड यांत साधारण निम्मे-निम्मे वाटले जाते. म्हणजे किलोभर साखरेतला जवळजवळ अर्धा किलो वायू होऊन एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या बुचातून, निघून गेला, आणि फुलांचा नाजूक सुगंधही काही प्रमाणात त्याच्याबरोबर उडाला. त्या दिवसांत खोलीभर जो दरवळ असे आणि जो मी आनंदाने छातीत भरून घेत असे, तो बरणीतून वजा होणारा मध होता.

संध्याकाळी मात्र 100 मिलिलिटर मीड वेगळे घेऊन त्यात अर्धा चमचा मध विरघळवला. आंबटपणाची धार बोथट झाली आणि मागे दबलेला फुलांचा वास वर आला. तो केवळ त्या अर्ध्या चमच्याचा असणे शक्य नाही. गोडी नसली की जिभेला मधाची ओळख पटत नाही, एवढाच याचा अर्थ मी लावतो, आणि कोवळ्या मीडकडून आजच सगळे मागणे हा अन्याय आहे, हेही मान्य करतो. काही महिन्यांत मद्यार्काचा झणका निवतो, हे मला ठाऊक आहे.

बरणी मात्र आत्ताच गोड करणार नाही. जिवंत यीस्टला पुन्हा मध दिला तर ते तोही संपवील, आणि बंद बाटलीत संपवला तर बाटली फुटेल. आधी मीड निवळू द्यायचे, गाळ पुन्हा बसला की वरचे काढून घ्यायचे. मग अर्ध्या भागात यीस्टची पुन्हा वाढ रोखणारी पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट ही द्रव्ये घालून तो बेताने गोड करायचा. उरलेला अर्धा कोरडाच, म्हणजे गोड न करता, ठेवायचा, असे मी ठरवले आहे.