वाटी, बांगडी आणि आमची कार्डं

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि गिरगावातल्या आमच्या चाळीखालचं स्टेशनरीचं दुकानही बंद झालं. पुतणीचा वाढदिवस तोंडावर, घरात कंपास नाही. जाऊबाईंनी वाटी उपडी घातली, भोवती पेन्सिल फिरवली आणि फुग्यांचं कार्ड केलं. शेजारणींनी ते पाहिलं, मागणी सुरू झाली. दुकानं उघडल्यावर अब्दुल रहमान स्ट्रीटवरून 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कार्डशीट आणला. आमचा व्यवसाय असा सुरू झाला.

वाटी उपडीच ठेवावी लागते. सुलटी ठेवली की काठ अधांतरी राहतो, पेन्सिल आत कलते आणि गोल बिघडतो. बदामासाठी वाटीच्या तोंडाएवढ्या बाजूचा चौकोन टोकावर उभा करायचा आणि वरच्या दोन्ही बाजूंवर अर्धी अर्धी वाटी काढायची. नक्षीदार कडेसाठी करंजीचं कातण फिरवतो आणि उमटलेल्या खुणेवरून कात्री चालवतो.

पण आमची सगळ्यात लाडकी बांगडी. ती मधून मोकळी असल्याने खालचा कागद दिसतो, म्हणून पेन्सिल आतूनच फिरवतो. एक वर्तुळ काढून त्याचा मध्य खुणावला की दुसरं वर्तुळ त्या मध्यातून न्यायचं. पुढचं प्रत्येक वर्तुळ मध्यातून आणि आधीच्या वर्तुळाने पहिल्याला छेदलं त्या खुणेतून. अशा तीन फेऱ्यांत तीन पाकळ्या तयार! मापांचा फायदा तर फारच मोठा. बांगडीच्या मापात इंचाचे सोळा भाग धरतात. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ एकात एक काढल्या की जेमतेम दीड मिलिमीटर अंतराच्या नाजूक रेषा मिळतात. हाताने इतकं नेमकं मला कधीच जमलं नसतं.

एकदा बारशाच्या दीडशे पत्रिका ताटलीच्या बाहेरून आखल्या आणि त्या पाकिटात जाईनात. रात्रभर बसून कडा कापल्या. तेव्हापासून पहिलं कार्ड पाकिटात घालून बघितल्याशिवाय दुसरं आखत नाही. पावसाळ्यात कागद सादळतो, म्हणून तो पत्र्याच्या ट्रंकेत.

लग्नाच्या मोठ्या ऑर्डरींना आता डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, करून घेतो, त्याशिवाय वेळेत होत नाही. मूळ आकार मात्र अजून बांगडीनेच आखतो. आणि बारसं, डोहाळजेवण असेल तर गिऱ्हाइकांना आखायला त्यांच्या घरातलीच वस्तू आणायला सांगतो.

गेल्या महिन्यात एक आजी पणतीच्या बारशासाठी आल्या. त्यांच्या हातातली बांगडी काही निघेना. जाऊबाईंनी डब्यातल्या बांगड्या एकेक करून त्यांच्या मनगटाशी लावून पाहिल्या. दोन-सहा जुळली. आजींनी स्वतः पेन्सिल फिरवून पहिलं कार्ड आखलं.