पीआरपी-८: काही न करता सगळं सांभाळणारा

लॅब मीटिंगसाठी पीआरपी-८ या प्रोटीनचं स्ट्रक्चर पायमॉलमध्ये (प्रोटीनची रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बसले होते, म्हटलं डोमेननुसार, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांनुसार, रंग देऊन एक छान स्लाइड करू, तर दोन तास कसे गेले कळलंच नाही. २४१३ अमिनो आम्लांचं एवढं मोठं धूड, यीस्टच्या स्प्लायसिओसोममधलं (आरएनएमधले नको असलेले तुकडे, म्हणजे इन्ट्रॉन, कापून उरलेलं जोडणारं यंत्र, या कामालाच स्प्लायसिंग म्हणतात) सगळ्यात मोठं प्रोटीन, आणि रंग देत गेले तसं लक्षात आलं की हे सगळे रिटायर झालेले एन्झाइम एकाच साखळीत ओवलेत. एक तुकडा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजसारखा, पुढचा एन्डोन्यूक्लिएजसारखा, मग आरएनेज-एच सारखा, शेवटी जॅब-१ नावाचा तुकडा. घडी तीच, पण काम बंद! कापाकापी यातलं कुणीच करत नाही, ते करतो यू-६ नावाचा स्प्लायसिओसोममधलाच एक छोटा आरएनए, मॅग्नेशियमचे दोन आयन धरून (हे २०१३ मध्ये पक्कं झालं). पीआरपी-८ फक्त त्या आरएनएला आपल्या पोकळीत नीट धरून ठेवतं. पण ‘फक्त’ कसलं, ते नसेल तर सगळा डोलारा कोसळतो. म्हणूनच बहुतेक ते फारसं बदललेलं नाही, माणसातल्या आणि यीस्टमधल्या पीआरपी-८ ची निम्म्याहून जास्त अमिनो आम्लं जशीच्या तशी जुळतात.

आता यीस्टला एवढा खटाटोप हवाच कशाला? जीन्स साधारण ६०००, त्यातल्या जेमतेम ३०० च्या आसपास जीन्समध्ये इन्ट्रॉन. पण मेख अशी आहे की त्यात रायबोसोमच्या (पेशीतला प्रोटीन बनवणारा कारखाना) प्रोटीनचे जीन्स भरपूर आणि ते सतत धो धो चालू असतात, त्यामुळे पेशीतल्या एमआरएनएपैकी (प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून निघालेल्या आरएनए प्रती) पाव भागाहून जास्त माल स्प्लायसिंगमधूनच बाहेर पडतो.

याच्यावरून झालेला घोळ मला फार आवडतो. लेलंड हार्टवेल या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात तापमानाला हळवे यीस्ट म्युटंट शोधले, २३ अंशांवर मजेत वाढणारे आणि ३६ वर नेले की ठप्प. त्यातल्या काहींमध्ये रायबोसोम बनेना, म्हणून १९७० मध्ये असे दहा जीन्स रायबोसोमचे म्हणून छापले गेले, आरएनए-२ ते आरएनए-११. त्यांचा तरी काय दोष, स्प्लायसिंग नावाची भानगड सापडलीच मुळात १९७७ मध्ये! नंतर उलगडा झाला की बिघाड स्प्लायसिंगचा आहे, रायबोसोम बिचारा मधल्यामध्ये उपाशी मरतोय. मग नाव बदलून पीआरपी झालं, नंबर तेच राहिले.

स्लाइडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो जॅब-१ च्या शेपटीवर. अगदी टोकाची थोडीशी अमिनो आम्लं, एरवी नजरेतही भरली नसती. ही शेपटी बीआरआर-२ नावाच्या हेलिकेजच्या (आरएनएच्या जोड्या उलगडणारं एन्झाइम) बोगद्यात शिरते, जिथं खरं तर आरएनए जायचा, बाटलीला बूच लावावं तशी. बीआरआर-२ चं काम यू-४ ला (यू-६ ला बांधलेला दुसरा छोटा आरएनए) यू-६ पासून सोडवणं, आणि ते वेळेआधी सुटलं तर सगळंच मुसळ केरात. माणसात याच शेपटीत बिघाड झाला की रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार होतो, आधी रात्री दिसेनासं होतं मग नजर कडेकडून आत आक्रसत जाते. स्प्लायसिंग अंगभर चालू आणि फटका बसतो डोळ्याला. शेपटीला लाल रंग दिलाय, बाकी सगळं राखाडी ठेवलं.