दाढेची टोपी

दाढ मोडल्याचं माझ्याआधी माझ्या जिभेला कळलं. मोडावी असं काही तोंडात नव्हतं. चांगला मऊ घास होता. तो गिळला आणि मागे जिभेवर एक खडा उरला. वैतागून बाहेर काढला, तर तो माझाच निघाला. पिवळसर, एका अंगाने गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने खडबडीत. दुखलं अजिबात नाही. दुखण्याचं खातं त्या दाढेने काही वर्षांपूर्वीच रूट कॅनाल करून बंद केलं होतं. तेव्हाच सांगितलं होतं, ‘यावर कॅप बसवून घ्या, नाहीतर एक दिवस मोडेल.’ मी ‘बघू’ म्हटलं होतं. न दुखणाऱ्या गोष्टींवर माझ्याकडे तेवढा एकच उपाय असतो.

मग जिभेला चाळाच लागला. बोलताना, वाचताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा ती तिकडे जाऊन यायची. आरशात पाहिलं तर इवलासा खड्डा होता. जिभेच्या म्हणण्यानुसार ती विहीर होती. चुगलखोर माणसासारखी जीभही कुठलीच गोष्ट तिच्या मूळ आकारात सांगत नाही.

दाताचं वरचं कवच, ते इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनात 96 टक्के खनिज. हाडाहूनही कठीण, पण हाड मोडलं तर सांधतं आणि हे सांधत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात. नंतर त्या संपतात. काम उरकून गवंडी गाव सोडून गेला, आता भिंतीला तडा गेला तर हाक कुणाला मारणार? त्यात माझी ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी. ती कुठलाही दुधाचा दात न पडता गुपचूप मागच्या बाजूला उगवते, त्यामुळे घरातल्यांना ती दुधाचीच वाटते. म्हणजे आयुष्यभर पुरवायची वस्तू हाती पडली, तेव्हा मला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती.

डॉक्टरीणबाईंकडे गेले ते तो तुकडा कागदात गुंडाळून. चिकटवता येईल अशी भाबडी आशा. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हा राहू दे तुमच्याकडेच. आ करा.”

कॅप बसवायची म्हणजे मोडलेल्या दाढेवर काहीतरी चढणार, भर पडणार, अशी माझी समजूत होती. झालं उलटंच. आधी आणखी कोरावी लागते. वरून दीड-दोन मिलिमीटर, चारी बाजूंनी थोडी थोडी, वर जरा निमुळती. नाहीतर टोपी चढणार नाही. फार निमुळती केली तर टिकणार नाही. अर्ध्या तासाने आरसा हातात आला तेव्हा दाढेच्या जागी एक केविलवाणा खुंट उभा होता. मोडली होती तेव्हा तरी बरी होती की, असं मनात आलं. म्हणता मात्र आलं नाही, ओठ बधिर होता.

रंग ठरवायचं काम त्यांनी हे सगळं सुरू करण्याआधीच उरकलं होतं, खिडकीच्या उजेडात. काड्यांवर बसवलेल्या खोट्या दातांची एक पट्टी असते, रंगाच्या दुकानातल्या नमुन्यांसारखी. मी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. बाई हसल्या. “एकटीच पांढरी दाढ? शेजारणी काय म्हणतील?” आणि त्यांनी पाणी घातलेल्या दुधासारखा, किंचित पिवळट नमुना निवडला. घाई कशाला, असं विचारल्यावर कळलं की दात कोरडा पडला की पांढरा दिसायला लागतो. तोंड उघडं ठेवून अर्धा तास गेला की खरा रंग हाती लागत नाही.

मग माप. ओल्या मातीसारखा लगदा भरलेला साचा जबड्यावर दाबून ठेवायचा, नाकाने श्वास घ्यायचा आणि उबळ आली तर दुसरं काहीतरी आठवायचं. मी पाढे म्हणत होते. आता छोटा कॅमेरा फिरवूनही माप घेतात, पण माझ्या नशिबी लगदा होता. पक्की कॅप येईपर्यंत एक तात्पुरती प्लास्टिकची टोपी मिळाली आणि ‘या बाजूने चिकट काही खाऊ नका’ ही ताकीद.

इंग्रजीत याला मुकुट म्हणतात. आपण आपलं कॅप म्हणतो, म्हणजे टोपी, आणि मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. टोपी घालणं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊकच आहे. एवढंच की पार मागच्या दाढेला टोपी घालून जगाला कसं फसवणार? तिथवर कुणाची नजर पोचत नाही. फसवायचं असतं ते तोंडातल्यांनाच.

आणि ते सोपं नाही. पक्की कॅप आली ती झिरकोनियाची, म्हणजे एका पांढऱ्या, कणखर सिरॅमिकची. या पदार्थाची गंमत अशी की त्यात तडा जायला लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, किंचित फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. मोडण्याची सुरुवात झाली की हे लगेच कामाला लागतात. मी ‘बघू’ म्हणते. तर ती कॅप बाईंनी बसवून पाहिली, निळा कागद दातांत ठेवला आणि म्हणाल्या, “चावा. आता घासा. उंच लागतंय?”

लागत होतं. डोंगर लागत होता. त्यांनी निळा ठिपका जरासा घासला. पुन्हा चावा. अजून लागतंय. मला संकोच वाटायला लागला. नस काढून टाकलेल्या दाढेवरून एवढी कुरकूर कशाची? बाई म्हणाल्या, नस गेली, पण दात हाडात थेट रोवलेला नसतो, मुळाभोवतीच्या बारीक तंतूंवर टांगलेला असतो, आणि ते तंतू जिवंत आहेत. दोन दातांमध्ये केसाहून पातळ काही आलं तरी ते चहाडी करतात. चौथ्या खेपेला डोंगर गेला. मग सिमेंट, कापसाचा बोळा, आणि ‘दाबून धरा’.

टोपी जिभेलाच घालायची होती, हे मला घरी आल्यावर कळलं. पहिले दोन दिवस ती नव्या भाडेकरूच्या दारावरून येरझाऱ्या घालत होती. फारच गुळगुळीत आहे, असा तिचा आक्षेप. तिसऱ्या दिवशी फेऱ्या कमी झाल्या. परवा कुणीतरी विचारलं, कुठल्या बाजूची? उजवी म्हणाले. डावी होती.

तो तुकडा अजून एका डबीत आहे. टाकवत नाही. काल उघडून पाहिला तर वाळून खडूसारखा पांढराशुभ्र झालाय. मी पट्टीवर बोट ठेवलं होतं, अगदी तोच रंग.