पोस्टाने आलेली नळी

गेल्या आठवड्यात दारात एक खोकं येऊन पडलं. कुरिअरवाल्याने बेलही वाजवली नाही. आत फेसाच्या खाचेत बसवलेली पोलादी नळी, जेमतेम अर्ध्या वितीची. पिस्तुलाची बॅरल. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आबांना दाखवली तर ते चष्मा वर करून बघतच राहिले. "नळी? पोस्टानं?" आबा राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेत, आता दौंडला असतात. आयुष्यभर शस्त्रागारातून सही करून बंदूक घेतली आणि सही करून परत दिली. त्यांना हे पचणं शक्यच नव्हतं.

इकडचा कायदा सांगितला तर आणखी पचलं नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याच्या नजरेत पिस्तूल म्हणजे त्याची फ्रेम, ज्यावर नंबर कोरलेला असतो. ती घ्यायची तर दुकानात फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते. नळी हा नुसता सुटा भाग, त्यामुळे इथे टेक्सासमध्ये ती चपला मागवाव्यात तशी मागवता येते. आपल्याकडे ९ मिलिमीटरचं पिस्तूलसुद्धा सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, तो प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं बंदी असलेलं माप.

पण एवढ्यावरून इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात लगेच बंदूक येते असं समजू नका. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, पाऊलही ठेवलं नाही. त्या व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद लागू होत नसेल तर हत्यार नाही आणि काडतूसही नाही. रेंजवर भाड्याने घेऊन दोन गोळ्या झाडणंही ताबाच धरतात. कचेरीतले गोरे सहकारी हौसेने "चल, तुला शिकवतो" म्हणतात, त्यांना हे ठाऊक नसतं. आपल्या मुलांनी मात्र लक्षात ठेवावं, फेसबुकवरचा बंदुकीसोबतचा एक फोटो महागात पडू शकतो. ग्रीनकार्डच्या रांगेत माझे केस पिकायला लागले, ते हातात आलं तेव्हा कुठे ही हौस सुरू झाली.

माझं पिस्तूल ग्लॉक २२, .४० कॅलिबरचं (गोळीची जाडी, इंचात), कुठल्याशा पोलीस खात्याने मोडीत काढलेलं. हवालदाराच्या मुलीला शोभेल असंच. स्लाईडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, होल्स्टरने (कमरेच्या म्यानाने) घासून पांढुरके झालेले डाग आहेत, पण आतून ठणठणीत. स्वस्त मिळण्यामागे इतिहास आहे. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. आपलं काडतूस कमी पडतं, असा निष्कर्ष निघाला आणि शोधाशोध होऊन १९९० मध्ये हे .४० बाजारात आलं. देशभरातल्या पोलिसांनी ते उचललं. पुढे ९ मिलिमीटरच्या गोळ्या सुधारल्या, एफबीआयसुद्धा तिकडे परतलं, आणि ही .४० ची पिस्तुलं ढिगाने दुकानात आली.

मग नळी कशाला बदलायची? खरं सांगायचं तर खाज. १९९४ मध्ये सिग सॉअर आणि फेडरल या कंपन्यांनी .३५७ सिग नावाचं काडतूस काढलं. जुन्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग पिस्तुलातून मिळावा हा हेतू. त्याचं बूड .४० एवढंच, पण तोंड बाटलीसारखं आवळून त्यात ९ मिलिमीटरची गोळी बसवलेली. बूड तेच असल्यामुळे मॅगझीन तेच चालतं, स्लाईड तीच चालते. कारखान्यात या काडतुसासाठी बनवलेली नळी तेवढी घालायची. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करायची, स्लाईड उतरवायची, स्प्रिंग काढायची, नळी बदलायची. कुकरची रिंग बदलायला मला याहून जास्त वेळ लागतो.

शनिवारी सकाळी रेंज गाठली. पहिली पाच काडतुसं भरली, नेम धरला, चाप ओढला. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं. कानात फोमचे बोळे आणि वर इअरमफ, तरी तो आवाज दातांत जाणवला. तोंडाशी नारिंगी झोत.

हिशेब मी घरी बारावीच्या वहीसारखा मांडून बघितला होता. माझी नेहमीची .४० ची गोळी साधारण ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. नवी गोळी ८.१ ग्रॅम, वेग ४१० मीटर. ऊर्जा सव्वापाचशे ज्यूलवरून ६८० वर, म्हणजे तीस टक्के वाढ. पण संवेग? वस्तुमान गुणिले वेग केलं तर नवी गोळी किंचित मागेच पडते. म्हणून तर हाताला बसणारा धक्का मी धरून चालले होते तेवढा वाढला नाही, फक्त त्याचा स्वभाव बदलला. जुना धक्का ढकलणारा, हा चापट मारणारा. आणि आवाजाचं कारण तर आकड्यांतच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या जवळपास. जुनी गोळी त्याच्या अलीकडे राहायची, नवी पलीकडे जाते, त्यामुळे स्फोटाच्या आवाजावर तिचा स्वतःचा कडाका चढतो. शिवाय या काडतुसात दाबही जास्त.

कागदावर मात्र काही शोभा झाली नाही. सगळ्या गोळ्या नेमाच्या दोन बोटं खाली, कारण हलकी गोळी लवकर सुटते, धक्क्याने नळी वर उचलली जाण्याआधीच. वर मी आवाजाला घाबरून चाप ओढताना मनगट खाली दाबत होते, तो भाग वेगळा. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते .२२ च्या चिमुकल्या गोळीवर. दहा मीटरवर कागद फाडायला मी ६८० ज्यूल खर्च करत होते, तेही एका गोळीला दुप्पट पैसे मोजून.

तिसऱ्या मॅगझीनला स्लाईड मिटेना. अर्धवट उघडीच. मी पिस्तूल समोर रोखलेलं ठेवून हात वर केला, रेंजचा माणूस आला. त्याने मॅगझीन काढलं, स्लाईड मागे ओढली, तर तळहातावर एक .४० चं काडतूस पडलं. बॅगेच्या तळाशी राहिलेलं, मीच भरताना मिसळलेलं. रुंद गोळी अरुंद तोंडात शिरली नाही म्हणून निभावलं. तो आवाज न चढवता म्हणाला, "उलटी चूक जास्त वाईट. .३५७ चं काडतूस .४० च्या नळीत गेलं तर काय होईल ते बघायला मला इथे थांबायचं नाही." दोन्ही काडतुसांची खोकी एकाच दिवशी घरून आणायची नाहीत, हा त्याचा नियम. आता माझाही.

निघताना शेजारचा म्हातारा जवळ आला. माझ्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या त्याला मिळतील का, असं त्याने जरा संकोचत विचारलं. तो घरी काडतुसं पुन्हा भरतो आणि या बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्या सहसा मिळत नाहीत. मी म्हटलं घ्या. तो गुडघ्यावर बसून पितळ वेचायला लागला, मग मीही वाकले. पिशवीत टाकताना तो मोजत होता.

रात्री आबांना सगळं सांगितलं, फक्त ते चुकीचं काडतूस सोडून. नळी, वेग, आवाज हे त्यांनी हं हं करत ऐकून घेतलं. चांदमारी संपली की एक पुंगळी कमी भरली तरी अख्खी तुकडी गवतात शोधत फिरायची, हे मी लहानपणापासून ऐकलंय.

"किती झाडल्यास?"

"पन्नास."

"आणि पुंगळ्या?"

"सत्तेचाळीस भरल्या आबा. त्या आजोबांनी मोजल्या."

पलीकडे शांतता. मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"तीन कुठं गेल्या?"