दारातली दहा मिनिटं

शनिवारी सकाळची शाळा असते. त्यामुळे आम्ही तिघी भुसावळहून सहाच्या सुमाराची यावलची एसटी धरतो. मी विज्ञान शिकवते, दुसरी मराठी शिकवते आणि तिसरी शाळेत क्लार्क आहे. वयाने ती आमच्यापेक्षा मोठी, म्हणून आम्ही तिला ताई म्हणतो. अप-डाउन करून सातवं वर्ष चाललंय. यावलला उतरलं की रिक्षाने पुढच्या गावात शाळा. बसमध्ये आमचे विषय ठरलेले. ताईंच्या घरच्या केकच्या ऑर्डरी, मराठीच्या मॅडमच्या मांजरी आणि दहावीचा अभ्यासक्रम.

त्या दिवशी तापीच्या पुलावर इतकं धुकं होतं की खालचं पाणी दिसेना. डिसेंबरचा मधला आठवडा होता. उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा आमचा जिल्हा हिवाळ्यात पहाटे आठ-नऊ अंशांवर उतरतो, हे बाहेरच्यांना सांगूनही पटत नाही. ताई सांगत होत्या की आदल्या रात्री पावाचं पीठ चार तास ठेवलं तरी फुगलं नाही. दिवाळीत बेकरीच्या भट्टीवर नानकटाई पाडून आणायची, वरण-बट्टीसाठी गोवऱ्यांवर बट्ट्या भाजायच्या, एवढंच भाजणं आपल्याकडे चालत आलेलं. खमीर घालून पाव फुगवणं ताई मोबाइलवर बघून बघून शिकल्या. थंडीवर त्यांनी एक उपाय काढला होता. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका आणायचा, त्यात चाळीस वॅटचा जुना पिवळा बल्ब लावायचा आणि पीठ आत ठेवायचं. एलईडी चालत नाही, त्याने ऊब येत नाही. तो खोका त्या दिवशी ताईंच्या मांडीवर होता, कारण मी तो वर्गासाठी मागितला होता.

मराठीच्या मॅडमची भुरी आठ दिवसांपूर्वी व्यायली होती. तीन पिलं. आधी पलंगाखाली, मग कपाटात, आता स्वयंपाकघरातल्या टोपलीत. मांजर पिलांना सात घरं दाखवते म्हणतात, तशी ती घरातच जागा पालटत होती. मॅडमनी आम्हाला फोटो दाखवले. एका फोटोत भुरी एका पिलाचं पोट चाटत होती. "हे लाड नाहीत गं," मॅडम म्हणाल्या. "आईने चाटल्याशिवाय एवढ्याशा पिलाला शी-शू होतच नाही." हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिला तास दहावीचा होता. विषय सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख. पुस्तकात पावाच्या खमिरातल्या किण्वाचं, म्हणजे यीस्टचं, नाव आहे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. मुलं ते पाठ करतात आणि पेपरात चुकवतात. म्हणून मी तीन शंकुपात्रं घेतली. प्रत्येकात दोनशे मिलिलिटर पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा कोरडं यीस्ट. पहिल्यात माठातलं पाणी, बारा अंश. दुसऱ्यात कोमट, सदतीस. तिसऱ्यात गरम, सत्तर. तिन्हींच्या तोंडाला फुगे बसवले. किण्व साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि त्यावर फुगा फुगतो. पावाचं पीठ फुगतं ते याच वायूने. कोमट पात्र खोक्यात ठेवलं, बल्ब लावला आणि प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत टेकवला.

मी फळ्यावर तीन तापमानं लिहीत होते, तेव्हा वर्गातली एक मुलगी दारात आली. सात चाळीस झाले होते, म्हणजे दहा मिनिटं उशीर. त्या आठवड्यात तिचा हा तिसरा उशीर होता. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती आणि ती तिने अंगापासून लांब धरली होती. मी तिला आत ये म्हटलं नाही. म्हटलं, "उभी राहा तिथेच. आधी हे पूर्ण होऊ दे." आणि मी शिकवत राहिले. सजीवाच्या पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, ठराविक तापमानालाच नीट काम करतात, गारठ्यात मंदावतात, फार उष्णतेने मोडतात. सगळं बरोबर शिकवलं. ती दारात उभी होती. दार उत्तरेला आहे, तिथून थेट वारा येतो.

दहा मिनिटांनी मी विचारलं, का उशीर झाला. ती म्हणाली, "बाई, केळीले शेकोट्या करत होतो रातभर."

तिचे वडील एका केळीच्या बागेवर सालदार आहेत. आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, असा वर्षाचा करार, राहायला बागेतलीच खोली. कडाक्याच्या थंडीत केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड निसवायचा, म्हणजे बाहेर पडायचा, थांबतो. त्यावर इथले शेतकरी रात्री पाणी देतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. मोटर रात्री, शेकोटी रात्री, म्हणजे घरातलं कुणीच झोपत नाही. अशी मुलं सकाळी वर्गात पेंगतात आणि त्यांच्या वहीला धुराचा वास येतो. सात वर्षं मी हा वास ओळखते. तरी त्या सकाळी मी तिला तिथे उभं केलं होतं.

"आणि पिशवीत काय आहे?"

"पिल्लं हायेत. मांजर गाडीखाली आली रातले."

मांजर बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर गाडीखाली सापडली होती आणि पिलं केळीच्या वाळलेल्या पाल्यात. पिशवी उघडली. तीन होती. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचा वाळका तुकडा अजून पोटाला. तीन-चार दिवसांची असतील. मी एकाला हात लावला आणि पटकन काढून घेतला, इतकं ते गार होतं. फरशीसारखं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मेली ही. ती मुलगी ताडकन म्हणाली, "मरेल नहीत. गार पडेल हायेत."

मी पळत मराठीच्या मॅडमच्या वर्गात गेले. त्या आल्या, एक पिलू उचलून कानाशी धरलं, मग सरळ स्वेटरच्या आत छातीशी घेतलं. तोवर एक मुलगा मध्यान्ह भोजनाच्या खोलीतून वाटीभर दूध घेऊन आला होता. "नको नको, दूध नको!" मॅडम ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गार पडलेल्या पिलाच्या पोटात अन्न पचत नाही आणि त्याला नीट गिळताही येत नाही, दूध फुप्फुसात जातं. आधी ऊब. पिलू कोमट झालं की मगच दुधाचा थेंब. आणि ऊबही सावकाश द्यायची. शेकोटीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर थेट ठेवलं तर ते भाजतं, कारण त्याला बाजूला सरकण्याचं बळ नसतं.

तेव्हा माझी नजर खोक्यावर गेली. थर्मामीटरवर बत्तीस होते. नवजात पिलाला पहिल्या आठवड्यात साधारण एवढीच ऊब लागते. ते स्वतःचं तापमान राखू शकत नाही, आईच्या पोटावर आणि भावंडांवर भागवतं. शंकुपात्र बाहेर काढलं. ताईंना ऑफिसातून बोलावून घेतलं, खोका त्यांचा होता. त्यांनी बल्ब एका कोपऱ्यात सरकवला, त्याच्यापुढे पुठ्ठ्याची आड केली, खाली आपली शाल चार घड्या करून अंथरली. "बल्ब एकाच बाजूला," त्या म्हणाल्या. "पिठाला पण सगळीकडून झळ लागली की वरून कातडं धरतं." मॅडमही तेच म्हणत होत्या, एक बाजू उबदार आणि एक जरा कमी, म्हणजे पिलाला जमेल तसं सरकता येतं. बसमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या आमच्या गप्पा त्या खोक्यात अशा एकत्र झाल्या.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मॅडमचं बरोबर आहे म्हणाले. गाईचं दूध देऊ नका, पिलांसाठीची दूध पावडर भुसावळला मिळेल, पाजताना माणसाच्या बाळासारखं उताणं धरू नका, पोटावर ठेवा. मग त्यांनी विचारलं, ओळखीत कुठे नुकती व्यायलेली मांजर आहे का? मॅडम एवढंच म्हणाल्या, "आहे. माझ्याकडे आहे."

पण बस साडेअकराची होती आणि पिलं अजून गार होती.

आता इकडे तीन शंकुपात्रं टेबलावर तशीच पडली होती. मी ती बाजूला ठेवायला सांगितली. पण मागच्या बाकावरच्या एका मुलाने कोमट पात्र उचलून आपल्या स्वेटरच्या आत धरलं. "बाई, आपलं अंग सदतीस ऱ्हातं ना?" मग दुसऱ्याने थंड पात्र घेतलं आणि तिसऱ्याने सत्तरचं, ते तोवर निवून कोमट झालं होतं. मी त्यांना थांबवलं नाही. पात्र फुटून हाताला लागायला नको म्हणून पात्रांभोवती रुमाल बांधायला लावले, एवढंच.

अर्ध्या तासाने कोमट पात्राचा फुगा स्वेटरच्या गळ्यातून वर आला. आणखी वीस मिनिटांनी थंड पात्राचाही उभा राहिला. तिसरा तसाच लोंबत राहिला. माझ्या मूळ बेतात थंड पात्र थंडच राहणार होतं. मी मुलांना दाखवणार होते की फुगा फुगत नाही, आणि विषय तिथेच संपणार होता. थंडीने किण्व मरत नाही, थांबतं, आणि ऊब मिळाली की पुन्हा चालू होतं, हे मी तोंडाने सांगितलं असतं. पुढच्या बाकावरच्या मुलीने वहीत लिहिलं, "गार म्हणजे मेलेले नाही. सत्तर म्हणजे मेलेले." मी ते वाक्य सुधारलं नाही.

खोक्यात पहिलं पिलू हललं तेव्हा साडेनऊ झाले होते. आधी नुसतं तोंड उघडलं, आवाज नाही. मग बारीक, काडी मोडल्यासारखा आवाज. वर्गातली चाळीस मुलं श्वास धरून उभी होती. त्यानंतर दुसरं. मॅडमच्या स्वेटरमध्ये होतं ते तिसरं, सगळ्यांत लहान. प्रयोगशाळेच्या काट्यावर एकेकाला रुमालात घालून तोललं होतं, दोघं नव्वदीच्या आसपास भरली आणि हे एकाहत्तर ग्रॅम. मॅडम ते काढायला तयार नव्हत्या. तास बदलले, त्या वर्गात शिकवायला गेल्या, एका हाताने स्वेटर धरून शिकवत राहिल्या. सव्वादहाला परत आल्या आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसल्या. मी समजले.

किण्वात आणि पिलात फरक आहे. किण्वाच्या चमचाभर दाण्यांत कोट्यवधी पेशी असतात, निम्म्या गेल्या तरी फुगा फुगतो. पिलू एकच असतं. हे मी मुलांना त्या दिवशी सांगू शकले नाही, सोमवारी सांगितलं.

शिपाई मामांनी शाळेमागच्या लिंबाखाली खड्डा केला. ती मुलगी तिथे गेली, मी गेले नाही. मला फळ्यावरचे तीन आकडे पुसायचे होते आणि ते पुसवेनात. बारा, सदतीस, सत्तर. ते लिहीत असताना ती दारात होती, पिशवी हातात धरून. नंतर मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, दहा मिनिटांनी फरक पडला असता का. ते म्हणाले, "मॅडम, रात्रभराचा गारठा होता. सांगता येत नाही." त्यांनी मला धीर द्यायलाच असं म्हटलं असेल. पण सांगता येत नाही, म्हणजे नाही असं होत नाही.

साडेअकराच्या बसमध्ये बल्ब चालणार नव्हता. मामांनी कोमट पाण्याची बाटली भरली, ताईंनी ती शालीत गुंडाळली आणि दोन पिलं तिला टेकवून खोक्यात ठेवली. कंडक्टरने खोक्यात वाकून पाहिलं, तिकिटाचं काही बोलला नाही, खिडकी तेवढी लावून घेतली. पुलावर आता ऊन होतं. ताईंच्या पिठाचं कुणालाच आठवलं नाही.

मॅडमनी घरी गेल्यावर भुरीच्या टोपलीतला कपडा नव्या पिलांच्या अंगावरून हळूच फिरवला, तिच्या पिलांचा वास लागावा म्हणून, आणि भुरी डोळे मिटून पाजत असताना ती दोघं मधे सरकवली. भुरीने मान वळवून हुंगलं. मॅडम सांगतात, तेवढा वेळ त्यांचाच श्वास थांबला होता. मग भुरीने जीभ काढली आणि नवं-जुनं न बघता ओळीने पाचही पिलं चाटून काढली.

सोमवारी ताईंनी वर्गासाठी घरी केलेले बन आणले. त्याच यीस्टच्या पुडीतले, त्याच खोक्यात फुगवलेले. मुलांनी बन मधून फोडून आतली जाळी पाहिली आणि मगच खाल्ले. ती मुलगी वेळेवर आली होती. शेकोट्या आदल्या रात्रीही झाल्या होत्या, वहीला वास होता. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि थांबत थांबत म्हणाली, "बाई, पिशवीत नसती आणली, पोटाशी धरून आणली असती तर ते तिसरं..."

युनिफॉर्म खराब होईल म्हणून तिने पिशवी लांब धरली होती. उशीर आणि वर मळलेला युनिफॉर्म, दोन्हींसाठी मी बोलले असते, हे तिला माहीत होतं.

मी तिला सांगितलं की ती तीन पिलं घेऊन शाळेपर्यंत चालत आली आणि नंतरची दहा मिनिटं ती माझ्यामुळे दारात उभी होती. ती दहा मिनिटं माझी आहेत, तिची नाहीत. हे मी मोठ्याने म्हटलं, शेजारच्या दोघींना ऐकू जाईल असं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं,

"त्या दोघायले चाटते का ती?"

"चाटते," मी म्हटलं, आणि मॅडमनी सकाळी बसमध्ये पाठवलेला व्हिडिओ तिच्यापुढे धरला.