सेम टू यू

२६ डिसेंबर, रात्री साडेअकरा

शेजारच्या घानाच्या आंटींच्या नातीने काल दारातच मला सांगितलं, "असं नाही म्हणायचं."

सहा वर्षांची पोर. रागावून नाही, वर्गात शेजारच्या मुलाची पाटी बघून सांगावं तसं म्हणाली. आंटींनी दार उघडून दर वर्षीसारखं "अफिशिया पा" म्हटलं, म्हणजे त्यांच्या भाषेत नाताळच्या शुभेच्छा, मी दर वर्षीसारखं "सेम टू यू, आंटी" म्हटलं, आणि ती मधेच बोलली. मग तिने नीट उभं राहून म्हणून दाखवलं: "अफे न्को म्मेतो येन." म्हणजे काय, तेही तिनेच सांगितलं. वर्षाने जावं, फिरून यावं, आणि आपण त्याला पुन्हा सापडावं.

"जाऊ दे गं, रात्रपाळी करून आलीय ती," आंटी म्हणाल्या आणि मला आत ओढलं. जेवले, हसले, दोनदा भात घेतला. पण पहिल्या घासापासून घशात काहीतरी अडकलं होतं ते अजून तिथेच आहे. आज दिवसभर सुट्टी होती, झोप काढायची होती, डोळा लागला नाही.

सात नाताळ झाले मला या इमारतीत. सात वेळा 'सेम टू यू'.

मागच्या वर्षी अंकल लिफ्टपाशी भेटले होते. हातात प्लँटेनची, म्हणजे भाजीच्या मोठ्या केळ्यांची पिशवी, डोक्याला ती तपकिरी लोकरी टोपी. "अफिशिया पा, सिस्टर!" म्हणाले. मी फोनवर होते. कानातलं न काढता हात हलवला आणि 'सेम टू यू' म्हटलं. लिफ्ट बंद झाली. वर्ष गेलं, फिरून आलं. त्याला अंकल सापडले नाहीत.

माझ्या उत्तराने काही बदललं नसतं हे मला कळतं. त्यांचा रिपोर्ट मीच तर वाचून दाखवला होता, मार्चमध्ये, याच स्वयंपाकघरात बसून. 'पॅन्क्रियाज' म्हणताना आवाज कापू नये म्हणून आधी पाणी प्यायले होते. तेव्हा मी जे करायचं ते केलं. म्हणूनच असेल, हे जास्त लागतंय. मोठं ते केलं आणि एवढंसं राहून गेलं.

काल सकाळी आधीच मन उतरलेलं होतं. रात्रपाळी संपली साडेसातला. नाताळच्या दिवशी लंडनमध्ये ना ट्यूब, ना ट्रेन, ना बस. टॅक्सीवाला दुप्पट मागत होता. म्हटलं चालत जाऊ. ओल्ड केंट रोडने तासभर चालले. फोन दहा वेळा बघितला. दादाचा काही नाही. माईंच्या खोलीचं काय ठरलं तेही कुणी कळवलं नाही. असो. थंडी होती, पाय दुखत होते, आणि वाटत होतं की या शहरात आज प्रत्येकाला कुणीतरी आहे, मी तेवढी एकटी भटकतेय.

रस्ता मात्र ओस नव्हता. एरवी तिथे बसगाड्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. काल बस एकही नाही आणि गोदामांच्या फाटकांसमोर मोटारींच्या रांगा. टायरचं दुकान, फरशीचं दुकान, आणि त्यांच्या मागच्या शेडमध्ये चर्च. रोहॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मोजली तर लंडनच्या या एकट्या साउदर्क भागात अशी कृष्णवर्णीयांची २४० चर्चेस निघाली. बरीचशी या रस्त्याला लागूनच. आता इथे २०,००० नवी घरं बांधायची योजना आहे, मग गोदामं जाणार, त्यातल्या चर्चेसनी कुठे जायचं ते कुणी सांगत नाही. अंकल यावर फार तळमळून बोलायचे.

एका मोटारीतून चार बायका उतरल्या. लेसचे झगे, डोक्याला कडक कापडाचे उंच फेटे बांधलेले, 'गेले' म्हणतात त्यांना. उतरताना प्रत्येकीने एका हाताने फेटा सांभाळला आणि दुसऱ्या हाताने भाताचं पातेलं. पुढच्या फाटकाशी पांढऱ्या झग्यांमधली माणसं होती, त्या पंथाची माणसं तो झगा घातला की चपला घालत नाहीत. एवढ्या गारठ्यात एक म्हातारे गृहस्थ ओल्या फरशीवरून अनवाणी आत चालले होते, सावकाश, एकेक पाऊल टेकवत. मी थांबलेच. आमचे आजोबा वारीहून आल्यावर अंगणात असेच चालायचे. कुणीतरी लांबून मला "मेरी ख्रिसमस, सिस्टर" म्हणून ओरडलं, आणि मी काय म्हटलं असेन ते इथे लिहायला नको.

तर मग हे टोचतंय का एवढं, ते मला आज दुपारी कळलं. संक्रांतीमुळे.

चार वर्षांपूर्वी वॉर्डात तिळगूळ नेला होता. एकीच्या हातावर ठेवून 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला' म्हटलं, अर्थही सांगितला. ती 'थँक्स' म्हणाली आणि लाडू खणात टाकून फाइल उघडली. मी दिवसभर गप्प. संध्याकाळी आंटींकडे बसून डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की दसऱ्याला हातात आपट्याचं पान ठेवावं, 'सोनं घ्या' म्हणावं, आणि समोरच्याने पान खिशात कोंबून निघून जावं, तसं झालं. आंटींनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मग तिने काय म्हणायला हवं होतं?" मी सांगितलं. त्यांनी आणि अंकलनी तिथेच बसून पाठ केलं. तेव्हापासून दर जानेवारीत अंकल माझ्या दारावर टकटक करून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "गोर गोर बोला." 'ड' त्यांना कधी जमला नाही.

त्यांनी विचारलं होतं. मी सात वर्षांत एकदा विचारलं नाही.

असं का झालं असेल? मी त्यांना परकं मानलं असं नाही. आंटींच्या शिटोची बरणी पहिल्यांदा उघडली तेव्हा मी रडले होते. सुके मासे, सुकी कोळंबी, आलं, कांदा, मिरची, सगळं तेलात तासन्‌तास परतून काळं केलेलं. गुहागरला माई जवळ्याची चटणी करायची त्याचाच वास, फक्त जास्त दाट. तिखट-आल्याचे पिकलेल्या प्लँटेनचे तळलेले तुकडे, केलेवेले म्हणतात त्याला, ते मी ताटलीभर एकटी खाते. चव मी लगेच आपली करून घेतली. गोष्टीही ऐकल्या. घानातल्या कुमासीजवळच्या गावात नाताळच्या सुट्टीत मुलं पामच्या झावळ्यांची खोपटी बांधायची, घरून तांदूळ मागून आणून त्यात स्वयंपाक करायची, हे आंटींनी सांगितलं तेव्हा मी त्यांना दिवाळीचा किल्ला, हळिवाचं गवत आणि मावळे सगळं सांगितलं होतं. दोघी किती वेळ बोलत होतो. म्हणजे माझं सांगायला मला वेळ होता. माझ्या सणाला कुणी विचारत नाही हे दुःख मी इतकी वर्षं उराशी धरून बसले, त्यात समोरचाही सणच साजरा करतोय, तोही घरापासून लांब, हे नजरेतून सुटलं.

त्यांचं लांबपण माझ्याहून मोठं होतं, तेही मी धडपणे पाहिलं नाही. अंकल दर वर्षी म्हणायचे, पुढच्या डिसेंबरला कायमचा परत जाणार. घर बांधून तयार, वरच्या मजल्याच्या खिडक्या तेवढ्या राहिल्यात. २०१९ मध्ये घाना सरकारने 'इयर ऑफ रिटर्न' केलं, १६१९ मध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली पहिली माणसं व्हर्जिनियाला उतरली त्याला ४०० वर्षं झाली म्हणून. अमेरिकेतून, इंग्लंडमधून किती लोक घानाच्या राजधानीला, अक्राला गेले त्या वर्षी. तेव्हापासून डिसेंबर आला की तरुण मंडळींची तिकडे रीघ लागते, मैफली, समुद्रकिनारे, लग्नं, विमानाची भाडी भडकलेली. आंटींचा मुलगा आणि सून आताही तिकडेच आहेत, म्हणून तर नात इथे. अंकल त्या वर्षी म्हणाले होते, "४०० वर्षांनी लोक परत आले, मला ३८ वर्षांत जमेना." शेवटी ऑगस्टमध्ये नेलं त्यांना. मी ड्युटीवर होते. खरं तर सुट्टी मिळाली असती.

आणि तो ड्रम. निळा, प्लॅस्टिकचा, माझ्या कमरेएवढा. दर वर्षी सप्टेंबरात आमच्या दोघांच्या दारांमध्ये येऊन उभा राहायचा आणि ऑक्टोबरात बोटीने टेमा बंदराला निघायचा, म्हणजे नाताळच्या आत गावी पोचतो. साबण, दुधाचे डबे, टोमॅटोची पेस्ट, वह्या, शाळेचे बूट. भरणं हे अंकलचंच काम. प्रत्येक बुटात ते मोज्यांची जोडी कोंबायचे आणि मोज्याच्या आत पेन्सिली. "भाडं ड्रमचं आहे सिस्टर, हवा कशाला पाठवायची?" मी झाकणावर बसायचे, ते कडी आवळायचे. या वर्षी ड्रम जूनपासूनच तिथे आहे, अर्धा भरलेला. अंकलना घाई झाली होती बहुतेक. गेले सहा महिने मी ड्युटीला जाताना त्याला वळसा घालून जातेय.

दुपारी झोप येईना तेव्हा उठले, राय लेनवर गेले. दोन नारळ आणले, वड्या केल्या. साखर जरा जास्त झाली, कडा कडक झाल्या, पण वेलचीचा वास बरा आला. गेल्या नाताळला आंटींनी जोलोफ भात दिला होता तो आइस्क्रीमचा डबा वर्षभर माझ्या कपाटात होता. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून ठेवला, भरायचं मात्र झालं नाही. त्यात वड्या लावल्या. मग आरशासमोर उभी राहून म्हणत बसले, अफे न्को, अफे न्को म्मेतो. 'न्को' एका दमात म्हणायचं, आधी 'अ' लागता कामा नये. कागदावर देवनागरीत लिहून मुठीत धरला.

आणि दारापाशी गेल्यावर ध्यानात आलं की हे उत्तर आहे. आधी कुणीतरी म्हणायला हवं. दर वेळी आंटीच आधी म्हणतात.

आंटींनी दार उघडलं. घरात अंधार होता, टीव्हीचा तेवढा उजेड. कालचे पाहुणे गेलेले. डोक्याला काळी पट्टी, अंगावर अंकलचा स्वेटर. मी म्हटलं, "अफिशिया पा, आंटी."

त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी उत्तर द्यायला सुरुवात केली. "अफे न्को..." आणि पुढचं येईना. ओठ हलत होते. शेवटचा शब्द 'आपण' असा आहे ना. 'आपण त्याला सापडावं.' मला तेव्हा समजलं की हे वाक्य त्या कालपासून ऐकतायत, बोलल्या मात्र एकदाही नाहीत. आधी त्या म्हणायच्या, उत्तर समोरून यायचं. घरात ते उत्तर अंकल द्यायचे.

"म्मेतो येन," नात आतून ओरडली. टीव्हीवरची नजरही हलवली नाही तिने.

"म्मेतो येन," आंटी म्हणाल्या. मीही म्हटलं. कागद तसाच मुठीत होता.

मग किती वेळ तरी बसलो. फार बोललो नाही. वड्या दोन खाल्ल्या त्यांनी, तिसरी नातीने पळवली. एकतीसच्या रात्री चर्चला ये म्हणाल्या. त्याला ही माणसं क्रॉसओव्हर म्हणतात, जुनं नाव वॉच नाइट. रात्रभर गाणी, साक्षी, आणि बाराच्या ठोक्याला सगळे एकदम मोठ्याने देवाचे आभार मानतात, वर्ष ओलांडून आलो म्हणून. आंटी मेथडिस्ट, त्यांनी सांगितलं की ही रीत त्यांच्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने इथे इंग्लंडमध्ये रुजवली, मिशनऱ्यांबरोबर ती घानाला गेली, आणि आता इंग्रजांची चर्चेस त्या रात्री बहुतेक बंद असतात नि ओल्ड केंट रोडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या रात्री बस फुकट असतात, पहाटेपर्यंत. परत कशी येऊ असं म्हणायला मला वाव नाही. माझी रात्रपाळी लागलीय, मी आत्ताच दोघींना मेसेज केलाय बदलून घ्यायला. एक तरी हो म्हणेल.

मन अजून ओशाळंच आहे, पण सकाळसारखं नाही. सात वर्षांचं एका वाक्यात फिटत नाही आणि आंटींनी ते फेडायला मागितलंही नाही. त्यांना उत्तर देणारं कुणीतरी हवंय, आणि ते मला आता येतं. थोडं चुकतं, पण येतं.

निघताना त्या दारातून बाहेर आल्या, ड्रमच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उद्या भरून टाकू या का? पोचायला फेब्रुवारी उजाडेल. पण पोरांना बूट तर फेब्रुवारीतही लागतातच."

दहा वाजता बसायचंय. सात जोड बूट आहेत. माझ्याकडे मोजे नवे चारच सापडले, बाकीचे सकाळी राय लेनवरून आणायचे, आणि पेन्सिलीही.