तुम्ही विचारलंत म्हणून: वाचनालयात ओव्या कशाला?

वर्गणीची पावती फाडत असताना हा प्रश्न हमखास येतो. "ताई, वाचनालय म्हणजे पुस्तकं. तिथं भुलाबाईची गाणी, ओव्या, मुलांचे गोष्टीचे तास कशाला?" प्रश्न रास्त आहे. दारात उभ्या उभ्या नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

जळगावातल्या एका जुन्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं वाचनालय आहे. सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या कायद्यानुसार अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. आमचं अनुदान ग्रंथपालांचं वेतन, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि वीजबिल यांतच संपतं. सुतरंज्या, चहा, खडू, वह्या हे सारं आम्ही कार्यकर्ते वर्गणीतून आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रीतून उभं करतो.

मेमधला गोष्टीचा तास आम्ही सकाळी साडेसातला ठेवतो, कारण दहानंतर इथलं ऊन मुलांना बाहेर पडू देत नाही. एका सकाळी एक आजी नातवाला सोडायला आल्या. चपला काढल्या, पण आत आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. आत बोलावलं तर म्हणाल्या, "माले कोठे वाचता येस? मी आठेच बरी."

मला फार लागलं ते. आसोदा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. बहिणाबाई चौधरी तिथल्याच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात गेल्या आणि घरातल्यांनी उतरवून घेतलं, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, त्यांच्या कविता पुस्तकरूपाने महाराष्ट्राला मिळाल्या. कागदावर न उतरलेलं किती वाहून गेलं असेल, कोण जाणे. आणि आमच्या दाराशी आलेली बाई वाचता येत नाही म्हणून पायरीवर बसते!

पुढच्या आठवड्यात आजींना आग्रहाने आत आणलं आणि जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितलं. आधी लाजल्या, मग डोळे मिटून सुरू झाल्या. सातवीतली एक मुलगी वहीत लिहून घेत होती. सारखी म्हणायची, "आजी, हळू." लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवलं, तर आजींनी दुसऱ्याच ओळीला अडवलं. "आई नही, माय!" पोरीने शाळेच्या सवयीने 'माय' चं 'आई' करून टाकलं होतं. तिने ते खोडून पुन्हा 'माय' लिहिलं. ती खाडाखोड वहीत तशीच आहे, मी पक्की प्रत करू दिली नाही. वहीला पुस्तकासारखा दाखल क्रमांक दिला आणि ती कवितांच्या कपाटात ठेवली.

सगळंच जमलं असं नाही. पहिल्या वर्षी आम्ही लाऊडस्पीकर लावला आणि अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं वैतागून उठून गेली. त्यांचं बरोबरच होतं. घरी एका खोलीत पाच माणसं राहतात म्हणून तर ती इथं येतात. आता कार्यक्रम फक्त रविवारी, दीड तास, स्पीकरशिवाय. वाचन प्रेरणा दिन आणि मराठी भाषा गौरव दिन तेवढे थोडे मोठे होतात. पण खरं सांगायचं तर हार, सत्कार, भाषणं यांत माझा जीव रमत नाही. माणसं पाहुण्यांबरोबर येतात आणि पाहुण्यांबरोबरच निघून जातात.

आजी मात्र येत राहिल्या. नातू पुस्तक बदलतो तोवर त्या खिडकीशी बसतात. कधी कधी ती वही मागून घेतात आणि त्याच्याकडून आपल्याच ओव्या वाचून घेतात. शब्द चुकला की थांबवतात. परवा विचारत होत्या, शेजारणीला भुलाबाईची खूप गाणी येतात, तिला आणलं तर चालेल का? येत्या रविवारी दोघी येणार आहेत. तुमच्या वर्गणीतून दोनशे पानी वही आणून ठेवली आहे.